कॅराव्हॅन ट्रेलरला टायर घेताना: वजनकाट्यापासून स्टेपनीपर्यंत

नाशिकहून धुळ्याकडे जाताना चांदवड मागे पडले की राहुड घाट लागतो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी तो घाट उतरून आम्ही मालेगावच्या दिशेने निघालो होतो आणि गाडीमागे नुकताच घेतलेला, एका ॲक्सलचा, सेकंडहँड कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीने ओढायचे फिरते घर, होता. मला थोडी थरथर जाणवली, पण ती रस्त्याची असेल असे समजून मी तसाच पुढे गेलो. मागून आलेल्या एका ट्रकचालकाने हॉर्न वाजवत शेजारी येऊन हाताने खूण केली, तेव्हा आरशात पाहिले, तर ट्रेलरच्या डाव्या चाकातून रबराचे पट्टे उडत होते. गाडी कडेला घेईपर्यंत टायरची वरची साल पूर्ण निघाली होती. त्या सालीच्या फटक्यांनी मडगार्ड फाटले होते, पाण्याच्या टाकीची नळी तुटली होती आणि मागच्या दिव्यांची वायर लोंबत होती.

थोड्या अंतरावर भेटलेल्या पंक्चरवाल्याने तो फाटका टायर उलटा केला, आतल्या बाजूवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला आणि तिथल्या चार अंकांवर बोट ठेवून म्हणाला, “दादा, हा झिजला नाही, म्हातारा झालाय.” टायरचे वय आठ वर्षांच्या वर निघाले. नक्षी मात्र जवळजवळ नवी होती आणि तेवढी एकच गोष्ट पाहून मी ट्रेलर घेताना टायरांवर विश्वास टाकला होता.

त्यानंतर मी दोनदा टायर बदलले. पहिल्या वेळी पुन्हा चुकलो, दुसऱ्या वेळी शहाणा झालो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून असे ट्रेलर घेणाऱ्यांची विचारणा माझ्याकडेही होऊ लागली आहे. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणत्या कंपनीचा टायर घेऊ?’ हा असतो. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. आधी वजन, मग हवेचा दाब, मग टायरची जन्मतारीख, आणि या तिन्हींचे उत्तर मिळाले की कंपनी कोणतीही चांगली चालते.

१. आधी कागद आणि अवजारे जमवा

दुकानात जाण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी असाव्यात. यातले निम्मे सामान पुढेही दर प्रवासात लागणार आहे, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही.

- ट्रेलरचे नोंदणी प्रमाणपत्र. त्यावर रिकामे वजन आणि भरलेले कमाल वजन, असे दोन्ही आकडे असतात.
- ट्रेलरच्या चासीवर आणि ॲक्सलवर असलेल्या पट्ट्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो. सेकंडहँड ट्रेलरवर या पट्ट्या रंगाखाली दडलेल्या असतात, त्या घासून काढाव्या लागतात.
- रिमच्या आतल्या बाजूला कोरलेल्या आकड्यांचा फोटो, म्हणजे व्यास, रुंदी आणि ती किती वजन पेलते हा आकडा.
- वजनकाट्याच्या पावत्या. त्या कशा मिळवायच्या, ते पुढे येईल.
- १०० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) मोजणारे हवेचे मीटर. कारसाठी मिळणारी काही मीटर ५० किंवा ६० वरच संपतात.
- टॉर्क पाना (नट ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा पाना), ट्रेलरचे वजन उचलणारा जॅक, चाकाखाली लावायचे दोन ठोकळे आणि ८० पीएसआयपर्यंत हवा भरणारा १२ व्होल्टचा पंप.

२. वजनकाट्यावर जा, आणि सामान भरूनच जा

ही पायरी लोक टाळतात, कारण ट्रेलर बनवणाऱ्याने वजन लिहून दिलेले असते. पण ते वजन रिकाम्या ट्रेलरचे असते. त्यात ८० लिटर पाणी भरले की ८० किलो वाढतात, १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टरची बॅटरी ठेवली की पन्नास किलोंच्या वर आणखी वाढतात, शिवाय गॅस, शेगडी, गाद्या, छत, खुर्च्या आणि आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे तीन दिवसांसाठी दहा दिवसांचा शिधा असतोच.

नाशिककरांना काटा शोधावा लागत नाही. पिंपळगाव बसवंत आणि लासलगावच्या बाजूला कांद्याचे ट्रॅक्टर जिथे काटा करतात, तिथे थोडे पैसे देऊन आपलाही काटा होतो. फक्त कांद्याची आवक जोरात असताना सकाळी जाऊ नये, कारण मागे उभ्या असलेल्या पंधरा ट्रॅक्टरवाल्यांना तुमच्या चार-चार मापांचे कौतुक नसते. दुपारनंतर गेलात, तर काटेवाला निवांत असतो आणि आपण काय करतो आहोत, ते समजून घेऊन मदतही करतो.

मापे याच क्रमाने घ्या. पहिल्या मापाला ट्रेलर गाडीला जोडलेला असू द्या आणि फक्त ट्रेलरची चाके काट्यावर घ्या. हे तुमच्या टायरांवर पडणारे खरे वजन. दुसऱ्या मापाला ट्रेलर सोडून, पुढच्या छोट्या चाकासह तो पूर्ण काट्यावर उभा करा. हे एकूण वजन. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीच्या हुकवर येणारा भार. तिसरे माप सर्वांत महत्त्वाचे आहे. ट्रेलर पुन्हा गाडीला जोडून त्याची फक्त डावी चाके काट्यावर राहतील, असा तो काट्याच्या कडेने उभा करा. काट्याच्या बाजूची जमीन त्याच पातळीला नसेल, तर हे माप तिथे घेऊ नका, आकडा चुकीचा येतो. मोठ्या काट्यांवर आकडे दहा-वीस किलोंच्या टप्प्याने बदलतात, हेही लक्षात ठेवा.

माझ्या ट्रेलरचे आकडे सांगतो. एकूण वजन १५०० किलो आले, जोडलेल्या स्थितीत चाकांवर १३८० किलो, म्हणजे हुकवर १२० किलो. १३८० चे दोन भाग केले की प्रत्येक टायरवर ६९० किलो यायला हवेत. प्रत्यक्षात डाव्या बाजूला ७४० आणि उजव्या बाजूला ६४० किलो भरले, कारण ओटा, बॅटरी आणि पाण्याची टाकी या तिन्ही गोष्टी बनवणाऱ्याने डावीकडे बसवल्या होत्या. फुटलेला टायर डावाच होता, याचा उलगडा मला त्या काट्यावर झाला.

टायर निवडताना जास्त भार असलेल्या बाजूचा आकडा धरायचा आणि त्यावर किमान वीस टक्के जादा ठेवायचे. ७४० वर वीस टक्के म्हणजे ८८८ किलो. म्हणून मला एका टायरमागे किमान ९०० किलोंची क्षमता हवी होती. वीस टक्क्यांची ही सवलत चैन नाही. खड्डा, घाटातले वळण आणि मे महिन्यातले डांबर यांसाठी ती राखून ठेवायची असते, जादा सामान भरण्यासाठी नाही.

दोन ॲक्सलचा ट्रेलर असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. गाडीच्या हुकची उंची कमी असेल आणि ट्रेलर नाकाने खाली झुकत असेल, तर पुढच्या ॲक्सलच्या टायरांवर जास्त भार जातो आणि मागचे टायर जणू पाहुणे म्हणून सोबत येतात. जोडल्यावर ट्रेलर लांबून आडवा पाहा. तो समपातळीत दिसत नसेल, तर आधी हुकची उंची दुरुस्त करा, टायर नंतर.

३. टायरच्या कुशीवर लिहिलेले वाचायला शिका

टायरच्या बाजूच्या भिंतीवर सगळे लिहिलेले असते. उदाहरणार्थ, ‘१८५ आर १४ एलटी ८ पीआर १०२/१००’ असे वाचले, तर १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ‘आर’ म्हणजे रेडियल, १४ हा रिमचा इंचांतला व्यास, ‘एलटी’ म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर आणि ‘८ पीआर’ म्हणजे आठ थरांइतकी ताकद. प्रत्यक्षात आत आठ थर असतातच असे नाही. जुन्या सुती दोऱ्यांच्या काळातले ते माप आजही वापरात आहे, एवढेच.

खरा आकडा १०२/१०० हा आहे. हा भार निर्देशांक असून त्याचे किलो तक्त्यावरून काढावे लागतात. ९५ म्हणजे ६९० किलो, ९८ म्हणजे ७५०, १०० म्हणजे ८००, १०२ म्हणजे ८५०, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५० आणि ११२ म्हणजे ११२० किलो. तिरप्या रेघेच्या आधीचा आकडा ॲक्सलच्या एका टोकाला एकच टायर असेल तेव्हाचा आणि नंतरचा आकडा ट्रकप्रमाणे जोडीने टायर असतील तेव्हाचा. ट्रेलरला पहिला आकडा लागू होतो.

माझी दुसरी चूक इथे झाली. राहुड घाटानंतर मी घाईने १०२ चे टायर बसवले, म्हणजे ८५० किलोंचे. काट्यावर मी गेलो ते त्यानंतर, आणि ७४० चा आकडा पाहिल्यावर माझ्याकडे वीस नव्हे, जेमतेम पंधरा टक्के सवलत उरली असल्याचे कळले. पुढे १०६ निर्देशांकाचे टायर घेतले. ते थोडे रुंद असल्याने मडगार्ड आणि टायर यांच्यातले अंतर आधी मोजावे लागले. ट्रेलर रिकामा असताना ते अंतर भरपूर दिसते, पण सामान भरून खड्ड्यात आदळल्यावर स्प्रिंग दबते, तेव्हाही टायर कुठे घासणार नाही, हे पाहायचे असते.

भार निर्देशांकाच्या पुढचे अक्षर वेगाचे असते. जे म्हणजे ताशी १००, के ११०, एल १२०, एम १३०, एन १४० आणि क्यू १६० किलोमीटर. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा आहे, म्हणून मागे ट्रेलर बांधलेल्या कारनेही तो वेग गाठावा, असे नाही. मी ८० च्या वर जात नाही. वेग वाढला की टायरच्या आत उष्णता वाढते, आणि रबराचा व पट्ट्यांचा सांधा सुटतो तो उष्णतेनेच.

आणखी दोन खुणा पाहा. एक म्हणजे आयएसआय चिन्ह, जे भारतात वाहनांच्या नव्या टायरांवर बंधनकारक आहे. कारच्या टायरांसाठी आयएस १५६३३ आणि मालवाहू गाड्यांच्या टायरांसाठी आयएस १५६३६ हे मानक क्रमांक आहेत, त्यामुळे हातात आलेला टायर मुळात कोणत्या कामासाठी बनला, हे त्या क्रमांकावरूनही कळते. दुसरी खूण म्हणजे नक्षीच्या खाचेतली झीज दाखवणारी उंचवट्याची पट्टी. नक्षी त्या पट्टीला टेकली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली. नियमानुसार ही शेवटची मर्यादा आहे, पण ट्रेलरच्या बाबतीत तुम्ही तिथपर्यंत पोहोचण्याची शक्यता फार कमी आहे.

४. टायरची जात ठरवा

अमेरिकेत ट्रेलरसाठी वेगळे टायर मिळतात आणि त्यांच्या आकड्याआधी ‘एसटी’ ही अक्षरे असतात. त्यांच्या बाजूच्या भिंती कडक असतात, कारण ट्रेलरच्या चाकांना गाडी ओढायची किंवा वळवायची नसते, फक्त वजन पेलत मागे यायचे असते. दोन ॲक्सलचा ट्रेलर जागच्या जागी वळवताना टायर जमिनीवर आडवे खरवडले जातात, तेव्हा हा कडकपणा उपयोगी पडतो. आयात केलेल्या ट्रेलरला असे टायर असतील, तर त्यांवर बी, सी, डी, ई यांपैकी एक अक्षर दिसेल. सी म्हणजे सहा थरांची, डी म्हणजे आठ थरांची आणि ई म्हणजे दहा थरांची ताकद. अशा टायरांसाठी पूर्वी ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर ही मर्यादा धरली जाई, आता अनेकांवर वेगाचे अक्षर वेगळे छापलेले असते.

आपल्याकडे हे टायर सहज मिळत नाहीत आणि मला ती मोठी अडचण वाटत नाही. हलक्या मालवाहू गाड्यांचे, म्हणजे छोटा हत्ती आणि पिकअप यांच्या वर्गातले एलटी टायर कुठेही मिळतात. चांदवडच्या पुढे रात्री नऊ वाजता टायर फुटला, तर तिथे एसटी टायर देवही देणार नाही, पण पिकअपचा टायर एखाद्या दुकानात निघेल. म्हणून नवा ट्रेलर बनवून घेत असाल, तर रिमचे माप ठरवतानाच आपल्या रस्त्यांवर चालणाऱ्या पिकअपचे माप निवडा. सगळ्या लेखातला हा सल्ला मी सर्वांत आग्रहाने देतो.

कारचे साधे टायर मात्र टाळा. माप जुळते, रिमवर बसतात, दिसायलाही छान दिसतात, पण त्यांच्या बाजूच्या भिंती मऊ असतात. ते ट्रेलरला लावायचेच असतील, तर त्यांची क्षमता १.१ ने भागून धरावी, असा अमेरिकेतला संकेत आहे. म्हणजे ६१५ किलोंचा टायर ५५९ किलोंचा समजायचा. रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्या टायरवर नवी साल चढवलेले, स्वस्त पडतात आणि ट्रकवाले ते जाणकारीने वापरतात, पण कॅराव्हॅनला ते लावू नयेत, कारण आपल्याला नेमकी भीती सालच निघण्याची आहे. एकाच ॲक्सलवर एक रेडियल आणि एक साधा नायलॉन असा संसारही मांडू नये.

५. जन्मतारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका

टायरच्या एका बाजूला लंबगोल चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन अंक आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ‘२३२४’ म्हणजे २०२४ मधला तेविसावा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. हा आकडा बहुधा एकाच बाजूला असतो आणि टायर बसवताना ती बाजू आत गेली, तर तो दिसण्यासाठी गाडीखाली झोपावे लागते. माझ्या पहिल्या टायरांच्या बाबतीत हेच झाले होते. आता मी मोबाइलचा टॉर्च लावून, हात आत घालून फोटो काढतो आणि मगच बोलणी करतो.

रबर उन्हाने, उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने कडक होत जाते. रोज धावणाऱ्या टायरात रबरातली संरक्षक द्रव्ये हालचालीमुळे पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या ट्रेलरच्या टायरात ती येत नाहीत आणि वर्षाचे दहा महिने एकाच जागी, एकाच बाजूने ऊन खात पडलेला टायर आतून कधी वाळला, हे नक्षी सांगत नाही. कारचे टायर झिजतात म्हणून आपण ते बदलतो. ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, म्हणून आपण ते बदलत नाही. इथेच सगळे बिघडते.

माझा नियम असा आहे की, पाच वर्षे झाली की दरवर्षी टायर उतरवून आतून-बाहेरून तपासायचा आणि सहा झाली की नक्षी कितीही नवी असली तरी तो काढायचा. तपासताना डोळ्यांपेक्षा बोटे कामाला लावा. कुशीवरून आणि नक्षीच्या खाचांच्या तळातून बोट फिरवले की केसाएवढ्या भेगा हाताला आधी लागतात. नक्षीवरून तळहात फिरवताना कुठे उंचवटा लागला, तर आतले पट्टे सुटू लागले आहेत, असे समजा. कुशीवर फुगा दिसला, तर त्या टायरवर एक किलोमीटरही जाऊ नका.

नवा टायर घेताना तो सहा महिन्यांच्या आतला मागा. दुकानदार सांगेल की, “साहेब, हे माप कमी खपतं, सगळीकडे एवढाच जुना मिळेल.” त्यात तथ्य असते, म्हणून दोन आठवडे थांबून मागवून घ्या. सातपूरला सीएटचा टायर कारखाना आहे, त्यामुळे नाशिकमध्ये टायर ताजाच मिळतो, असा एक गोड समज शहरात आहे. तुम्हाला हव्या त्या मापाचा टायर तिथेच बनतो, असे नसते, आणि कारखाना शेजारी असला तरी दुकानाच्या माळ्यावर टायर किती दिवस पडून आहे, ते त्या चार अंकांनाच ठाऊक.

६. दुकानात उभे राहून करून घ्यायची कामे

नाशिकमध्ये द्वारका चौकापासून आडगावपर्यंतच्या पट्ट्यात मालवाहू गाड्यांची कामे करणारी दुकाने आहेत. कारच्या चकचकीत शोरूमपेक्षा मी तिथे जातो, कारण ६५ पीएसआय हा आकडा ऐकून तिथला मुलगा दचकत नाही.

टायर बसवताना वॉल (हवा भरायचा व्हॉल्व्ह) नवा घ्या आणि तो कोणता आहे, ते विचारा. कारच्या ट्यूबलेस टायरचा साधा रबरी वॉल ६५ पीएसआयपर्यंतच चालतो. त्याहून जास्त दाब लागणारा टायर असेल, तर धातूचा, नटाने आवळायचा वॉल घ्यावा लागतो. फरक थोड्या रुपयांचा असतो, पण सांगितल्याशिवाय कोणी तो बसवत नाही. रिमची क्षमताही टायरच्या क्षमतेपेक्षा कमी नसावी. रिम ७०० किलोंची असेल, तर ९५० किलोंच्या टायरचा उपयोग शून्य.

‘ट्रेलरला कशाला बॅलन्सिंग?’ असे ऐकावे लागेल. आग्रह धरा. डगमगणारे चाक आपल्याला स्टिअरिंगवर जाणवत नाही, ते आत ठेवलेल्या कपाटाच्या बिजागऱ्यांना जाणवते.

जॅक ॲक्सलच्या मधोमध लावू देऊ नका, ॲक्सल वाकतो. तो चासीच्या मजबूत भागाला, बनवणाऱ्याने सांगितलेल्या जागी लावायचा आणि त्याआधी ट्रेलर गाडीला जोडलेला ठेवून दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून ठोकळे द्यायचे. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळून घ्या. हवेच्या बंदुकीने धडाधड आवळलेले नट रस्त्यात टायर बदलताना घरच्या पान्याने सुटत नाहीत.

बिल पक्के घ्या आणि त्यावर प्रत्येक टायरचा अनुक्रमांक व ते चार अंक लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी पहिली मागणी त्याचीच होते.

स्टेपनी त्याच मापाची, त्याच क्षमतेची आणि त्याच वयाची असावी. पैसे वाचवण्यासाठी जुन्यातला ‘त्यातल्या त्यात बरा’ टायर स्टेपनी म्हणून ठेवण्याची पद्धत आहे. तसे केलेत, तर पहिला टायर फुटल्यावर दुसरा कुठे फुटेल, एवढीच उत्सुकता उरते.

७. हवा स्वतः मोजा

नाशिकमधले पंक्चरवाले दोन प्रकारची हवा जाणतात, कारची आणि ट्रकची. ट्रेलरचा टायर दिसायला कारसारखा असतो, म्हणून न विचारता त्यात ३५ भरले जातात. याचा अर्थ काय होतो, ते एका उदाहरणावरून पाहा. ‘एसटी २२५/७५ आर १५’ या मापाचा डी अक्षराचा टायर ६५ पीएसआयवर सुमारे ११५० किलो पेलतो. त्याच टायरात ५० भरले की क्षमता ९७५ किलोंवर येते. टायर तोच, पैसे तेच, क्षमता मात्र पावणेदोनशे किलोंनी कमी. त्याच मापाच्या ई अक्षराच्या टायरवर १२८५ किलो लिहिलेले असतात, पण ते ८० पीएसआय भरल्यावरच. म्हणजे भारी टायर घेऊन हवा जुनीच ठेवली, तर भारी टायरचा काहीही फायदा मिळत नाही. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात कुशी दबते, सुटते, पुन्हा दबते, आणि या मळण्यातून निर्माण होणारी उष्णता टायर आतून भाजून काढते.

एसटी टायरात कुशीवर लिहिलेला पूर्ण दाब भरतात. एलटी टायरात तुमच्या वजनाला किती दाब लागतो, हे टायर कंपनीच्या तक्त्यावरून काढा. तक्ता मिळाला नाही, तर कुशीवरच्या कमाल आकड्याजवळ राहा, मात्र रिम आणि वॉल तेवढ्या दाबाचे आहेत याची खात्री करून.

दाब नेहमी सकाळी, ट्रेलर हलवण्यापूर्वी मोजा. ६५ पीएसआय भरलेल्या टायरात तापमान दहा अंशांनी वाढले की दाब साधारण अडीच पीएसआयने वाढतो. दुपारी धाब्यावर थांबून मोजलेत आणि ७२ दिसले म्हणून हवा सोडलीत, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर कमी हवेवर धावू लागतो. गरम टायरातली हवा सोडायची नाही, एवढे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण आपण चहा आणायला गेलेलो असताना मेव्हणे मदत करतात. नायट्रोजनवर पैसे घालवायचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, मी साधी हवा भरतो.

वॉलवर बसवायचे दाबमापक सेन्सर मात्र जरूर घ्या. ट्रेलरचा टायर बसला तरी गाडी चालवणाऱ्याला कळत नाही. दोन ॲक्सल असतील तर शेजारचा टायर सगळा भार निमूटपणे उचलतो आणि थोड्या वेळाने तोही जातो. सेन्सर बसवल्यावर साबणाचे पाणी लावून वॉलपाशी बुडबुडे येत नाहीत ना, ते पाहा. स्वस्त सेन्सरमधूनच हवा गळण्याचा अनुभव मी घेतला आहे.

८. पावसाळ्यात ट्रेलर उभा करताना

आमचा ट्रेलर जूनपासून सप्टेंबरपर्यंत गंगापूर रोडकडच्या एका नातेवाइकांच्या मळ्यात उभा असतो. चाकांखाली जाड लाकडी फळी ठेवतो, म्हणजे टायर ओल्या मातीत बसत नाही. शक्य असेल तर चासीला टेकू देऊन चाकांवरचा भार कमी करावा. हवा पूर्ण भरलेली ठेवावी. टायरवर कापडी आवरण किंवा जुने गोणपाट टाकले तरी ऊन अडते. चमक आणणारे तेलकट पॉलिश लावू नये, ते रबराला मारक ठरते. चालू डिझेल पंप किंवा वीजपंपाच्या शेजारी ट्रेलर लावू नये, कारण तेल आणि मोटारीच्या ठिणग्यांतून होणारा ओझोन हे दोन्ही टायरचे वैरी आहेत. महिन्यातून एकदा हातभर पुढे-मागे सरकवला की रोज त्याच जागी भार येत नाही.

९. निघाल्यावर

नवी चाके बसवल्यावर पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे असतात. नाशिकहून सापुतारा किंवा शिर्डी गाठेपर्यंत साधारण तेवढेच अंतर होते, म्हणून नव्या टायरांची पहिली फेरी मी मुद्दाम तिकडची ठेवतो. दुकानदाराने कितीही घट्ट आवळलेले असोत, मला त्या पहिल्या तपासणीत दोन नट पाव फेरा फिरलेले मिळाले होते.

पुढच्या प्रत्येक थांब्यावर हाताची पाठ टायरच्या कुशीजवळ आणि चाकाच्या मध्यावर, हबजवळ, हळूच नेऊन पाहतो. एका बाजूचा टायर दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल, तर त्यात हवा कमी आहे किंवा त्या बाजूला भार जास्त आहे. हब तापला असेल, तर दोष टायरचा नसून बेअरिंगचा किंवा ब्रेकचा आहे. कसारा घाट उतरून खाली थांबलात, तर दोन्ही हब गरम लागणारच, तेव्हा एकाची दुसऱ्याशी तुलना करा. उन्हात उभ्या असलेल्या बाजूचा टायर सावलीतल्यापेक्षा गरम लागतो, हेही धरून चाला. मी पहिल्या फेरीत या एवढ्या कारणावरून घोटीच्या टोलनाक्याजवळ अर्धा तास डावे चाक खोलून बसलो होतो.